भेदरं आणि डबलरोटी

या वेळची भीशी माझ्याकडे. मे महिन्याचा दुसरा शनिवार,
पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि कूलरची मोटार
सकाळीच घरघरून गप्प झालेली.
अशात कढई कोण तापवणार?
साबुदाणावडे रद्द. कचोरी रद्द.
लेक म्हणाली, ब्रुस्केटा कर आई,
आणि नाव तीनदा वदवून घेतलं माझ्याकडून,
पाढ्यासारखं.
तरी डहाकेबाईंना फोनवर सांगताना
जीभ घसरलीच.
"बुरुशकट्टा? काहून, बुरशानं खायचं का बाप्पा?"

पाव ताजा नको, लेकीची ताकीद.
ताजा लगेच लिबलिबीत होतो.
कालचा घे, परवाचा असला तरी चालेल,
सुरीशी भांडणारा.
मी बोटभर जाडीचे काप केले,
चुरा मुठीत गोळा करून चिमण्यांना टाकला.

भेदरं गोकुळपेठच्या बाजारातली.
टोमॅटो म्हटलं की भाजीवाली
दोन रुपये वाढवते, म्हणून मी तिथे भेदरंच म्हणते.
बिया काढल्या, मीठ लावून चाळणीत निथळत ठेवली.
ती इटालियन तुळस कुठेच मिळाली नाही.
कुंडीतल्या तुळशीकडे बघितलं एकदा,
तिनेही बघितलं.
सांबारच चिरला, काड्यांसकट, बारीक.

तवा भाकरीचा, कडेला काळा पडलेला.
पाव दोन्हीकडून डाग पडेस्तोवर भाजायचा
आणि चटका सोसत, गरम असतानाच
सोललेली लसणाची पाकळी घासायची वरून.
पावच किसणी होतो.
पाकळी झिजत झिजत
चिमटीत नखाएवढी उरते.

तिथे हात थांबला.
हा वास मला पाठ होता.

मिलची रात्रपाळी सुटली की बाबा
मोमिनपुऱ्यातल्या बेकरीवरून सायकल आणायचे.
कॅरिअरला आदल्या दिवशीची डबलरोटी,
अर्ध्या भावात, रद्दीच्या कागदात.
आई विस्तवावर चिमट्यानं एकेक तुकडा धरायची,
लसूण घासायची, मीठ, वर जवसाच्या तेलाची धार,
आणि भेदरं मातीमोल झाली की
तीही, हातानंच कुस्करून.
आम्ही पाच भावंडं, पाटावर नाही, उंबऱ्यावर.
शाळेत येळेकरांची रसिका विचारायची, काय खाऊन आलीस?
पोळी, मी म्हणायची. तूप-साखर-पोळी.
तोंडावर हात ठेवून म्हणायची.

पाच वाजता अकरा जणी आल्या, पदरानं वारा घेत.
लेकीनं पांढऱ्या ताटलीत काप मांडले,
साडेसातशेच्या बाटलीतलं ऑलिव्ह तेल
झाकणानं मोजून टाकलं.
बोरकुटेबाई डाएटवर होत्या, चार खाल्ले.
गजभियेबाईंनी दाताखाली पहिला कर्र आवाज येताच
डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.
"किती वेगळंच गं! हॉटेलात तीनशे घेतात याचे.
कोणाकडून शिकलीस?"

मी सरबताचे ग्लास उचलत होते.
आईचं नाव ओठांपर्यंत आलं होतं.
म्हटलं, मोबाइलवर पाहिलं.

चिठ्ठी डहाकेबाईंची निघाली.
पैसे मोजताना त्यांच्या नोटांना
लसणाची बोटं लागली, त्या हसल्या.

रात्री ओट्यावर पावाची दोन टोकं उरली होती,
कुणाला न वाढता येणारी.
तवा परत ठेवला.
महागाची बाटली वर, फळीवर सरकवली
आणि खालून, पिठाच्या डब्यामागून,
जवसाचं तेल काढलं, गडद, किंचित कडू.
उभ्यानंच खाल्ली दोन्ही,
तेल मनगटापर्यंत ओघळू देत.

आतल्या खोलीतून हे म्हणाले,
"लसणाचा वास येऊन राहिला ना गं."
येऊ द्या, म्हटलं,
तोंडात घास असतानाच.